दोघींच्या घरी शिबिर

मैनाबाईनं मुरमाचं पहिलं टोपलं मागाच्या खड्ड्यात रिकामं केलं, तेव्हा गोपिका मधल्या दारात येऊन उभी राहिली. खड्ड्यातून उठलेली धूळ खिडकीच्या उजेडात तरंगत राहिली. मैनाबाई अंगणात गेली, दुसरं टोपलं भरून आणलं आणि तेही ओतलं.

"काय करून राहिली वं?"

"दिसत नाही का? खड्डा बुजवून राहिली."

"कोणाले विचारून?"

"माह्या हिश्शातला खड्डा हाये. तुह्या विहिरीत नाही टाकून राहिली मुरूम."

गोपिका खड्ड्याकडे पाहत राहिली. खड्ड्याची कड एका जागी गुळगुळीत झाली होती. जागेश्वर तिथं बसून पाय खाली सोडायचा आणि दिवसभर माग चालवायचा. माग केव्हाच उमरेडच्या नातेवाइकांनी खोलून नेला होता. जमिनीत खणलेला खड्डा तेवढा कोणाला नेता आला नव्हता.

"त्यायचे पाय राहत तिथं," ती म्हणाली.

"पाय गेले. खड्डा राहिला. एखादी दाई पडली यात अन् मोडली तंगडी, तं तू भरून देशीन का?"

मैनाबाई पुन्हा बाहेर गेली. गोपिकानं तिच्या पाठीला ऐकवलं, "कोरडा मुरूम टाकून काय होते? पाणी मारून चोपला नाही तं पायाखाली खचन."

"दे मंग पाणी."

"माह्या हिश्शातली विहीर हाये," गोपिका म्हणाली आणि निघून गेली.

थोड्या वेळानं पाण्यानं भरलेले दोन पितळी गुंड मधल्या उंबरठ्यावर आदळल्यासारखे ठेवले गेले. आत कोणी आलं नाही. मैनाबाईनं गुंड उचलले, मुरमावर पाणी शिंपडलं आणि धुमसानं चोपायला लागली. प्रत्येक ठोक्याला मागच्या स्वयंपाकघरातली भांडी हलत होती. ती हलावीत इतक्याच जोरानं ती चोपत होती.

जागेश्वरच्या या दोघी बायका. तो मूळचा उमरेडचा विणकर. धंदा बसत चालला तेव्हा नागपूरच्या दक्षिणेला बेसा गावात त्यानं थोडी जमीन घेतली, घर बांधलं, आणि हाताची सवय सुटेना म्हणून पुढच्या मोठ्या खोलीत एक माग मांडलाच. गोपिका त्याची पहिली. तिचं एकही मूल जगलं नाही. मग त्यानं मैनाबाईला आणलं. तिला एक मुलगी झाली, प्रेमिला. प्रेमिलाचं लग्न होऊन ती कन्हानला गेली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जागेश्वर गेला. भाऊबंद बसले आणि त्यांनी घराची वाटणी केली. मागाची खोली, ओसरी आणि अंगण मैनाबाईला, स्वयंपाकघर, विहीर आणि परसू गोपिकाला. मैनाबाईनं ओसरीच्या कोपऱ्यात स्वतःची चूल मांडली. घरात दोन धूर निघू लागले. दोघी एकमेकींचं नाव घेत नसत. बोलायचंच झालं तर भांडणाएवढं बोलत.

दुष्काळ सरून दुसरं वर्ष चाललं होतं. दिवाळीनंतर नागपूरच्या एका संस्थेच्या इंदुताई गावात आल्या. पूर्वी नर्स असलेली, पांढऱ्या पातळातली, चष्म्याची बाई. खेड्यापाड्यांतल्या दायांचं शिबिर घ्यायचं होतं. स्वच्छ हातांनी बाळंतपण कसं करावं, नाळ कशी कापावी, बाई केव्हा दवाखान्यात पाठवावी, हे शिकवायचं. शाळेची खोली मिळत नव्हती. देवळात दायांना बसवायला पुजारी तयार नव्हता. जागेश्वरचा चुलतभाऊ नानाजी त्यांना या घरी घेऊन आला. मागाची खोली पाहून इंदुताई म्हणाल्या, "यापेक्षा चांगली जागा शोधून मिळणार नाही." मैनाबाईनं तिथल्या तिथं हो म्हटलं. मग इंदुताई विहीर पाहायला मागे गेल्या, आणि तिथं गोपिकानंही हो म्हटलं. एकीनं हो म्हटल्याचं दुसरीला माहीत नव्हतं. माहीत असतं तर एकीनं तरी नाही म्हटलं असतं, असं नानाजी नंतर गावात सांगत फिरला.

मग तयारी सुरू झाली. खोलीच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतायच्या, जमीन सारवायची, गोधड्या धुवायच्या, परसात चर खणून तुराट्यांच्या आडोशाचे संडास करायचे, गावातून मोठे गंज आणि पराती गोळा करायच्या. नानाजी सकाळी बैलगाडी घेऊन यायचा आणि दोघींच्या मधे सापडायचा.

"नानाजी, त्या बाईले सांगा, शेण पातळ कालवलं हाये. भिंतीले ओघळ येऊन राहिले."

"नानाजी, तिले सांगा, डोळे फुटले असन तं माह्या भिंतीकडं पाहू नको."

"अवं, मी काय तारऑफिस हाये का?" नानाजी वैतागायचा. "हातभर अंतरावर उभ्या हा दोघी. ऐकू येते नं?"

"ऐकू येते म्हणूनच तुमाले सांगून राहिली," गोपिका म्हणायची.

संडासाच्या जागेवरून तर दिवस गेला. परसू गोपिकाचं. तिनं नानाजीला अशी जागा दाखवली, की वारा सुटला की वास नेमका ओसरीवरच्या चुलीकडे जावा. नानाजीनं कुदळ टाकली. "हे पाप मी नाही करत बाप्पा. दाया बसणार हायेत ओसरीवर जेवाले." तेव्हा कुठं तिनं चिंचेपलीकडची जागा दिली. त्याचा वचपा मैनाबाईनं गोधड्यांवर काढला. धुतलेल्या गोधड्या वाळत घालायला मोठं ऊन फक्त अंगणात येत होतं. गोपिकानं तिच्या वाट्याच्या गोधड्या दोरीवर टाकल्या, आणि मैनाबाईनं नेमकं त्याच वेळी अंगण झाडायला घेतलं. गोपिकानं धुळीनं भरलेल्या गोधड्या उतरवल्या, पुन्हा विहिरीवर नेल्या आणि धुतल्या. संध्याकाळी मैनाबाई पाण्यासाठी मागे गेली तेव्हा दोर विहिरीत पडलेला होता.

"दोर पडला," गोपिका चुलीपुढून म्हणाली. "हात घसरला माहा."

त्या दिवशी मैनाबाईनं शेजारून पाणी आणलं.

शिबिराच्या दोन दिवस आधी इंदुताई तयारी पाहायला आल्या. खोली पाहून त्यांचा चेहरा फुलला. चोपून सारवलेली जमीन, पोतलेल्या भिंती, कोपऱ्यात लावलेल्या गोधड्यांच्या घड्या. खड्डा कुठं होता ते सांगूनही कळलं नसतं. त्या मधल्या दारात बसल्या, म्हणजे दोघींनाही ऐकू जावं, आणि पिशवीतून जुनं धोतर काढलं.

"एक काम राहिलंय. शिकवायला कापडाचं बाळ लागतं. डोकं गोल, मान जरा सैल. पोटाला ही दोरी शिवायची, नाळ म्हणून. तुमच्यापैकी कोणाचा हात शिवणात बरा आहे?"

गोपिकानं हात पुढे केला.

त्या दुपारी ती परसाच्या पायरीवर शिवत बसली. जुन्या कापसानं डोकं भरलं, काळ्या दोऱ्यानं डोळ्यांच्या रेघा घातल्या, मिटलेल्या. हात भरताना तिनं बोटं वेगळी शिवली. तशी कोणी सांगितली नव्हती. मैनाबाई पाणी न्यायला आली. गुंड भरून झाले तरी ती थांबली.

"जमलं का?" ती म्हणाली. "पहिलंच नं तुहं?"

गोपिकाची सुई थांबली. तिनं दोरा दातानं तोडला, गाठ मारली, बाळ उलटं करून पाठीची शिवण पाहिली.

"पहिलं नाही," ती म्हणाली. "तुहीबी एक मीच वाढवली. तू तापात फणफणून पडली होती तेव्हा. तिनं पहिल्यांदा माय म्हटलं ते कोणाले म्हटलं, याद हाये नं?"

मैनाबाईनं भरलेला गुंड उचलला आणि तिथंच पायरीवर ओतला. पाणी गोपिकाच्या लुगड्यावरून, पायांवरून वाहत गेलं. गोपिकानं बाळ तेवढं उंच धरलं. ते भिजलं नाही. मैनाबाईनं गुंड पुन्हा भरला आणि निघून गेली.

हे त्यांचं सगळ्यात जुनं भांडण होतं. प्रेमिला झाली तेव्हा मैनाबाईला बाळंतज्वर झाला. ती कित्येक आठवडे शुद्धीत नव्हती, नंतरही कित्येक महिने अंथरुणाला खिळून होती. तान्ह्या पोरीला गोपिकानं शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर जगवलं. मैनाबाई उठून बसू लागली तेव्हा पोर तिच्याकडे जाईना, रडायची, गोपिकाच्या पदराकडे हात करायची. मैनाबाईच्या मते तिची पोर त्या दिवसांत चोरीला गेली, ती पुढं पूर्ण परत आलीच नाही. गोपिकाच्या मते तिनं पोर जगवली आणि बदल्यात चोर ठरली. लग्न होऊन जाताना प्रेमिला आधी कोणाच्या गळ्यात पडली, यावरूनही दोघी वर्षभर धुमसत होत्या.

बाळ शिवून झालं त्याच संध्याकाळी मैनाबाईला नवंच कळलं. ती इंदुताईंसाठी चहा घेऊन मधल्या दारापर्यंत गेली, आणि आतलं बोलणं ऐकून थांबली.

"आमच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण गेली, मागं बोलले होते ना?" इंदुताई म्हणत होत्या. "शिबिरात तुमचं काम पाहते. जमलं तर शिबिर संपल्यावर माझ्यासोबतच चला. राहायला खोली आहे. मुली आहेत, गलका असतो, पण माणसात राहाल."

"येईन," गोपिका म्हणाली. "इथं काय हाये माहं?"

मैनाबाई चहा घेऊन तशीच मागे फिरली, मग पुन्हा पाय वाजवत आली. चहा देताना तिनं स्वयंपाकघर नीट पाहिलं. भिंतीतली फडताळं, वैलाची मोठी चूल, धूर जायला जागेश्वरनं ठेवलेलं धुराडं. ओसरीवरच्या चुलीचा धूर पावसाळ्यात तिच्या डोळ्यांत जायचा. या घरात एकच चूल पेटेल. दोर आपला, विहीर आपली. दुसऱ्या दिवशी तिनं इतक्या झपाट्यानं काम केलं, की नानाजीनं विचारलं, "काहून वं, अंगात आलं काय आज?"

दाया आल्या. कोणी चालत, कोणी कोणाच्या बैलगाडीतून. बहुतेक वयस्कर, नऊवारी खोचलेल्या, तंबाखूच्या चंच्या कमरेला. आजवर या बाया दुसऱ्यांच्या घरी परसदारानंच गेल्या होत्या. बाळंतीण सुटली की अंघोळ करून बाहेर. इथं त्यांच्यासाठी अंथरूण घातलेलं होतं, हातावर पाणी घालायला तांब्या होता. कित्येकजणी आधी खोलीच्या दारातच बसल्या, आत येईनात. जनाबाई नावाची कन्हानकडची एक दाई आवाजानं मोठी होती. तिनं सगळ्यांना दटावून आत नेलं.

जेवणं ओसरीवर होत. गोपिका रांधायची, मैनाबाई वाढायची. मधल्या उंबरठ्यावर भांडी ठेवली जात आणि उचलली जात. वरणात मीठ कमी वाटलं की मैनाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "मीठ संपलं वाटते आतलं." भाकरी कमी पडल्या की आतून आवाज यायचा, "वाढणाऱ्याचा हात मोकळा असला म्हणजे पुरत नाही." दाया एकमेकींकडे पाहून हसू लागल्या होत्या.

"तुम्ही दोघी बहिणी होय का?" जनाबाईनं एकदा विचारलं.

"नाही," ओसरीवरून मैनाबाई म्हणाली.

"नाही," त्याच क्षणी आतून गोपिका म्हणाली.

जनाबाईनं पुढं विचारलं नाही. हात धुताना शेजारणीला मात्र म्हणाली, "सवती हायेत. मले पह्यलेच समजलं होतं. बहिणी एवढ्या जपून नाही भांडत."

दुपारच्या वेळी खोलीत शिकवणं चाले. इंदुताई कापडाचं बाळ हातात घेऊन दाखवायच्या. ते रडलं नाही तर काय करायचं, पाठ कशी चोळायची, तोंड कसं पुसायचं. कोणी अंगारा लावायचं सांगे, कोणी थाळी वाजवायचं, आणि मग वाद होत. भांडी घासता घासता गोपिका मागून ऐकायची. मैनाबाई ओसरीवर तांदूळ निवडायची. बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात राहायचं. एका दाईनं ते पायाला धरून उलटं लोंबकळवलं तेव्हा मैनाबाई ताडकन उठली आणि दारातून ओरडली, "मान! मान धर त्याची!" सगळ्या हसल्या. ती रागानं पुन्हा तांदळापाशी येऊन बसली. आतलं भांडी घासणं तेवढा वेळ थांबलेलं होतं.

शिबिर संपत आलं तेव्हा इंदुताई स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. त्यांच्या मनासारखं झालं होतं. गोपिकाच्या हातचा झुणका त्यांनी मागून घेतला होता.

"मग ठरलं तर. तुमचं सामान किती आहे?"

"एक पेटी."

"बरं, तिकडं काही कमीजास्त झालं, आजारपण वगैरे, तर कोणाला कळवायचं? मुलगी आहे ना तुमची? प्रेमिला का कोण, नानाजी म्हणत होते."

गोपिका परातीतल्या पिठावर पाणी घालत होती. "हो," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "माही नाही. लहानीची."

"म्हणजे तुमची कोण?"

गोपिकानं पीठ तिंबायला घेतलं. "लहानीची हाये," ती पुन्हा म्हणाली. "मी वाढवली. म्हणजे मधले काही दिवस. लहानीले ताप होता तेव्हा." तिला ते नीट सांगता येईना. एवढ्याशा गोष्टीला किती मागं जावं लागत होतं. या गावात ते कोणालाच सांगावं लागत नव्हतं. इंदुताईंनी मान हलवली. त्यांना काय समजलं ते त्यांनाच ठाऊक. गोपिकानं पिठात जास्त पाणी घातलं, आणि त्या सकाळी भाकरी चुलीवर फाटत राहिल्या.

शेवटच्या दिवशी दाया बोचकी बांधत होत्या. संस्थेची जीप यायची होती. इंदुताईंनी मैनाबाईला ओसरीच्या टोकाला बोलावलं.

"एक विचारते, खरं सांगा. गोपिकाबाईंना मी सोबत नेतेय, तुम्हाला माहीत असेल."

"माहीत हाये."

"वसतिगृहात परक्यांच्या लेकी असतात हो. माणूस कसं आहे ते आधी विचारलेलं बरं. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार? तुमचं पटत नाही, तेही मला दिसतंय. म्हणूनच तुम्हाला विचारते. तुम्ही वाढवून सांगणार नाही."

मैनाबाईनं याची तयारी केव्हाच केली होती. कामावर ठेवण्याआधी घरच्यांना असं विचारतात, हे तिला जनाबाईनं सांगून ठेवलं होतं. ती भराभर बोलू लागली.

"चांगली हाये. हाताले चव हाये, ते तं तुम्ही जेवलाच. कोणाचं घेत नाही. उष्टं-शिळं कोणापुढं ठेवत नाही. एक वेळ स्वतः उपाशी निजन. पोराईले तं लय सांभाळते. पोरगं रडून राहिलं तं तिच्या डोळ्याले डोळा लागत नाही. रात्र-रात्र खांद्यावर घेऊन फिरन. माही प्रेमिला..."

ती थांबली. हातातलं झाकण तिनं पदरानं पुसलं. ते कोरडंच होतं.

"काय?"

"माही प्रेमिला जगली ते तिच्याच हातानं," मैनाबाई म्हणाली. हे वाक्य तयारीत नव्हतं.

इंदुताईंचा चेहरा मऊ झाला. "बस, एवढं पुरे. मग काळजीच नाही. जीप आली की घेऊनच जाते."

मागे विहिरीवर रहाट करकरला. गोपिका जाण्याआधी रांजण भरून ठेवत होती. कोणासाठी भरत होती, हे तिला कोणी विचारलं असतं तर तिनं विचारणाऱ्याला हाकलून दिलं असतं. रहाट करकरत राहिला. मैनाबाई झाकण पुसत राहिली.

"एक हाये पण," ती म्हणाली.

"काय?"

"तिले मिरगी येते."

इंदुताई पाहत राहिल्या. "मिरगी? इतक्या दिवसांत मला काही..."

"रोज नाही येत. एकाएकी येते. हातपाय वाकडे होतात, तोंडाले फेस. इथं मी असते जवळ." मैनाबाई खाली पाहून बोलत होती. "तुमच्या तिकडं चुलीपाशी आली अन् कोणी नसलं, तं मंग..."

"अरे देवा," इंदुताई म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत."

जीप आली. गोपिका धुतलेलं लुगडं नेसून, पत्र्याची पेटी हातात घेऊन ओसरीवर आली. मधला उंबरठा ओलांडून ती पुढच्या बाजूला आली होती. तयारीची धावपळ सोडली, तर वाटणीनंतर हे बहुधा पहिल्यांदाच. इंदुताई पुढं झाल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"गोपिकाबाई, मला आधी सांगायला हवं होतंत. लपवण्यासारखं त्यात काही नाही. त्या आजाराला आता गोळ्या आहेत. पण वसतिगृहाच्या मोठ्या चुलीपाशी मी तुम्हाला उभं करू शकत नाही. उद्या भाजलं-बिजलं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"कोणता आजार?"

"मिरगीचा. मैनाबाईंनी सांगितलं मला. त्यांनी काळजीनंच सांगितलं."

गोपिकानं मान वळवली. मैनाबाई ओसरीच्या कोपऱ्यात, आपल्या चुलीपाशी बसून राख काढत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण तिचा हात राखेतच थांबला होता. जीपचं इंजिन चालूच होतं. नानाजी तोंड उघडून उभा होता. त्याचा जन्म गेला या घरात ये-जा करण्यात, त्यानं तिला मिरगी आलेली कधी पाहिली नव्हती. गोपिकाचा एक शब्द पुरला असता. इंदुताईंनी तिचं ऐकलंही असतं.

"हो," गोपिका म्हणाली. "येते."

नानाजीनं तोंड मिटलं.

"किती वर्षांपासून?"

"लय झाले. अमावस्येच्या आगंमागं येते."

"कांदा फोडून नाकाशी धरावं लागते," जनाबाईनं जाणतेपणानं सांगितलं. "अन् हातात किल्ली द्यावी." इंदुताईंनी तिला गप्प केलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन दाखवा, तिथं आपलं नाव सांगा, असं त्यांनी गोपिकाला दोनदा बजावलं, दोघींना नमस्कार केला आणि त्या जीपमध्ये बसल्या. दाया पायवाटेनं, गाड्यांनी पांगल्या. नानाजी बैल सोडून घेऊन गेला.

ओसरीवर पेटी होती. गोपिका पेटीवर बसली. मैनाबाईनं राख भरून टाकली, चुलीभोवती सारवलं, पुन्हा त्याच जागेवरून पोतेरं फिरवलं.

"खोटारडी," गोपिका म्हणाली.

"तुनंबी हो म्हटलं."

"मंग काय म्हणू? परक्या चार माणसांत घरच्या बाईले खोटं पाडू?"

मैनाबाई उठली, पदराला हात पुसले आणि पेटीपाशी आली. "ऊठ. तिकडून धर, आत ठेवू."

"हात नको लावू माह्या पेटीले."

गोपिकानं पेटी एकटीनं उचलली. वजनानं ती एका बाजूला झुकली, पण थांबली नाही. मधल्या उंबरठ्याशी पोचल्यावर तिनं वळून न पाहता सांगितलं, "अमावस्येले मी पाणी भरणार नाही. चूलही पेटवणार नाही. निजून राहीन दिवसभर. रांधायचं तू अन् आणून द्यायचं."

"काहून?"

"मले मिरगी येते."

पेटी आत कुठंतरी टेकल्याचा आवाज आला. मैनाबाई उंबरठ्याच्या अलीकडे उभी होती. तिनं ओसरीवरून बाहेर पाहिलं. जीपच्या चाकोऱ्या अंगणापुढं अजून ताज्या होत्या.

"कधी हाये अमावस्या?" तिनं विचारलं.

आत काडी ओढल्याचा आवाज झाला.

"परवा," गोपिका म्हणाली.